कारभारणीचा साचा आणि माझं धोतर

सुतार मी होतो, पण सरळ पट्टी कापायची अक्कल आमच्या घरात बायकोला होती.

निजामाच्या अमलातली गोष्ट. आम्ही सिरसाळ्याचे. लेक पहिलटकरीण, बाळाला घेऊन गेवराईला सासरी निघायची होती. पाळणा माहेरचा द्यायची रीत. त्यात व्याहीसुद्धा सुतार! पाळण्याची एक पट्टी वाकडी निघाली असती, तर लेकीला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

मी अंगणात बसलो, फळी पायाच्या अंगठ्याखाली दाबली (आमचा शिकंजा तोच!) आणि करवत चालवली. एक पट्टी मुळ्याएवढी जाड, दुसरी पापडाएवढी पातळ. तिसरीला करवत घसरून अंगठ्याला चाटून गेली.

"अवं, पट्ट्या कापताव का बोटं?" कारभारीण ओरडली.

"तू कावून मधी पडतीस? हात बसलाय माझा!"

"हात बसलाय, पाय जाईल न्हवं! सोऱ्यातून शेव वाकडी येती का कधी? करवतीलाबी तशीच वाट द्या की."

तिनं जाड पाटावर लाकडाची एक सरळ रीप ठोकली. रिपेपासून बोटभर अंतरावर, पाटाच्या दोन टोकांना खुंट्यांची एकेक जोडी बसवली. फळी रिपेला टेकवायची, वरून दांडक्यानं दाबायची आणि करवत खुंट्यांच्या मधूनच न्यायची. हात लांब, पाय लांब. पट्ट्या अशा निघाल्या, जणू जुळी भावंडं! मला तिचा इतका अभिमान वाटला, की व्याही लेकीला न्यायला आले तेव्हा मी सांगून टाकलं, "साचा मीच केलाय!"

"लई भारी! दावा की चालवून," व्याही म्हणाले.

मी ऐटीत बसकण मारली. करवत सरसर धावली. पट्टी पडली. व्याही "वाव्वा!" म्हणाले. मानानं लवून रामराम करावा म्हणून मी उठलो, तर अर्धं धोतर साच्यातच! फळीखाली आलेला सोगा पट्टीबरोबर कापला गेला होता.

व्याह्यांनी तुकडा उचलून निरखला. "कड बगा, कशी सुतात हाय! बाळाला लंगोट व्हतील." मग ते कारभारणीकडे वळले. "विहीणबाई, ज्यानं साचा केला, त्यो त्याच्यावर धोतर पसरून बसला नसता. ह्ये डोकं तुमचं. मलाबी असला एक करून द्या."

तिचं खरोखर कौतुक झालं. मलाही टाळ्या वाजवायच्या होत्या. पण कमरेवरचे हात सोडायची सोय नव्हती!