आधी कोणती फट बुजवायची

शनिवारी अर्धा दिवस मशिन बंद ठेवायची परवानगी मिळाली होती. त्या अर्ध्या दिवसात एकच मोठं काम बसणार होतं. ते कोणतं, यावरून माझं आणि आमच्या डायरेक्टरांचं, भल्लासाहेबांचं, चांगलंच वाजलं होतं.

"मोडेम आधी," ते म्हणाले. "रिपोर्टमध्ये एक नंबरला तेच आहे. मिसेस जाधव, दिल्लीच्या लोकांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं."

"कळत असेल, सर. पण ते इथे दोन दिवस होते, मी चार वर्षं आहे."

आता हे साहेबांना तोंडावर बोलायला नको होतं. पण मी कोल्हापूरची. आमच्याकडे पोटातलं ओठावर यायला वेळ लागत नाही.

ही गोष्ट चंडीगडची, ऐंशीच्या दशकाच्या अखेरची. मिस्टर एअरफोर्समध्ये, त्यांचं पोस्टिंग तिथे. मला एका सरकारी कॉम्प्युटर सेंटरमध्ये सिस्टिम मॅनेजरची नोकरी मिळाली होती. सिस्टिम मॅनेजर म्हणजे मशिनचा किल्लेदार. कोणाला आत घ्यायचं, कोणाला काय दिसू द्यायचं, हे ठरवणारा माणूस. तेव्हा प्रत्येक टेबलावर कॉम्प्युटर नसायचे. एसीच्या खोलीत एक मोठं मशिन, आणि त्याला जोडलेले स्क्रीन-कीबोर्ड बिल्डिंगभर. त्यांना टर्मिनल म्हणायचे.

या मशिनवर आता पोलिसांचे पगार येणार होते. पगाराबरोबर प्रत्येकाच्या घरचा पत्ता.

त्या वर्षांत तिकडे पोलिसाच्या घरचा पत्ता म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. आजच्या पोरांसाठी सांगते. अतिरेकी पोलिसांच्या घरी जाऊन बायकापोरांना मारत होते. पोलिसांच्या बाजूने हे काम इन्स्पेक्टर जोगिंदर सिंग बघायचे. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्यांनी दोनदा घर बदललं होतं. पप्पा वीज बोर्डात आहेत, असं शाळेत सांगायला त्यांनी मुलींना शिकवलं होतं. डेटाच्या टेप आमच्या हवाली करायच्या आधी चहा पिता पिता त्यांनी मला विचारलं, "भैणजी, एकच सांगा. माझं घर तुमच्या मशिनमध्ये गेलं, की ते कोण कोण बघू शकेल?"

मी म्हटलं, "तपासून सांगते." लगेच 'कोणी नाही' म्हणण्याइतकी मी मूर्ख नव्हते.

त्याच आठवड्यात दिल्लीच्या तपासणी पथकाचा रिपोर्ट आला. मशिनच्या बंदोबस्तात कुठे कुठे फटी आहेत, त्याची यादी. आता याला व्हल्नरेबिलिटी म्हणतात, आम्ही सरळ होल म्हणायचो. सगळ्यात वर होतं मोडेम, म्हणजे कॉम्प्युटर टेलिफोनच्या लाइनला जोडणारा डबा. बाहेरून कोणी फोन लावून आत शिरेल, ही त्यांची भीती. त्यासाठी एक नवं यंत्र येऊन पडलं होतं. यादीच्या तळाशी, जाता जाता लिहावं तसं, 'फील्ड अकाउंट'.

फील्ड अकाउंट म्हणजे कंपनीच्या दुरुस्ती इंजिनिअरसाठी ठेवलेला चोरदरवाजा. मशिन कारखान्यातून निघतानाच त्याचं नाव आणि पासवर्ड ठरलेला असतो. देशातल्या अशा प्रत्येक मशिनला तोच. आणि त्यातून आत शिरलं, की सगळ्यांच्या सगळ्या फायली उघड्या.

मग हे तळाशी का? कारण ते आतल्या टर्मिनलवरूनच वापरता यायचं. आणि आत यायचं म्हणजे गेटवर वाळूची पोती, सीआरपीएफचे जवान, स्कूटरची डिकी उघडा, डबा उघडा. एकदा तर माझी वांग्याची भाजी जवानाने चमच्याने ढवळून बघितली होती. एवढ्यातून जो आत आला तो आपला, असं सगळी बिल्डिंग धरून चालायची. दिल्लीवाल्यांनीही तेच धरलं.

पण आमच्याकडे ट्रेनिंग रूम होती. संध्याकाळी तिथे बाहेरच्या मुलामुलींचे कॉम्प्युटरचे क्लास चालायचे. मोहालीहून, पिंजौरहून मुलं यायची. त्या खोलीतली टर्मिनल याच मशिनला जोडलेली. आणि तिथल्याच उघड्या शेल्फवर कंपनीचं मॅन्युअल, ज्यात तो पासवर्ड छापलेला होता. जवान डबा ढवळतील, पण माणूस डोक्यात काय घेऊन आलाय ते कसं तपासणार?

मी प्रत्येक फटीला तीन प्रश्न विचारत होते. आत कोण शिरू शकेल? आज शिरू शकेल का? आणि शिरला तर हाताला काय लागेल? मोडेमचं बटण आमचा ऑपरेटर हाताने चालू करायचा, तेही दिल्लीहून आधी ट्रंक कॉल आल्यावर. शिवाय लाइन अशी, की आम्हालाच दिल्ली धड लागत नसे. चोराला कुठली लागायला? फील्ड अकाउंट मात्र दोन शब्द टाइप करता येणाऱ्या कोणालाही, आज संध्याकाळी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा प्रकार. आणि ते बंद करून ट्रेनिंग रूमच्या वायरी वेगळ्या करायच्या, तर त्यालाही मशिन बंदच हवं होतं.

साहेबांनी कंपनीच्या इंजिनिअरला, कपूरला, आणि जोगिंदर सिंगांनाही बोलावून घेतलं. कपूर माझ्यावर उखडलाच. "मॅडम, ते अकाउंट बंद केलंत आणि पगाराच्या दिवशी मशिन बसलं तर? मी आत कसा जाणार?"

"तुम्ही आलात की उघडून देऊ, गेलात की बंद करू."

"असं कुठेही करत नाहीत."

"मग इथून सुरुवात करू."

साहेबांनी टेबलावर हात आपटला. "बस. शनिवारी मोडेम. नंतर महिनाभर पगारांचं काम आहे, मशिन बंद मिळणार नाही. तुमचं ते अकाउंट पुढच्या महिन्यात."

"मग सोमवारी पोलिसांचा डेटा मी चढवणार नाही, सर. त्यावर माझी सही लागते."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "एवढ्या पोलिसांचे पगार तुमच्यामुळे अडणार, हे वर लिहून कळवू?"

मी घाबरले, खोटं कशाला बोलू. परक्या गावात अशी नोकरी पुन्हा मिळणं कठीण होतं. पण समोर जोगिंदर सिंग बसले होते, आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलं नव्हतं.

"सर, हातच्या कंकणाला आरसा कशाला? तुमच्या घरचा पत्ता आणि फोन नंबर एका फाइलमध्ये टाका. तुमच्या स्वतःच्या अकाउंटवर, तुमच्या पासवर्डखाली. मी हात लावणार नाही. हे सरदारजी ट्रेनिंग रूममधून वाचून दाखवतील. नाही वाचता आलं, तर मोडेम आधी, आणि सोमवारी मी दोन्ही हातांनी सही करते."

साहेब हसले. "जोगिंदर सिंगजी? यांना कीबोर्ड येतो?"

"नहीं जी," जोगिंदर सिंग प्रामाणिकपणे म्हणाले. "टाइपरायटर येतो. एका बोटाने."

साहेबांनी केबिनमध्ये जाऊन पत्ता टाइप केला. मग आम्ही सगळे ट्रेनिंग रूममध्ये गेलो. मी शेल्फवरून मॅन्युअल काढलं, पान उघडून जोगिंदर सिंगांच्या पुढ्यात ठेवलं आणि दाराशी जाऊन उभी राहिले. त्यांनी चाळिशी चढवली. एक अक्षर शोधायचं, दाबायचं, पुढचं शोधायचं. नाव झालं, पासवर्ड झाला, आणि मशिनने निमूटपणे त्यांना आत घेतलं. फाइल बघायची कमांड त्याच मॅन्युअलमध्ये पुढे होती. तीही त्यांनी एका बोटाने टाइप केली.

मग ते मोठ्याने वाचू लागले. "सेक्टर अकरा. कोठी नंबर..."

"बस, बस," साहेब म्हणाले. त्यांनी पुढे होऊन स्क्रीनच बंद केला. चेहरा पांढरा पडला होता. घरी त्यांची म्हातारी आई आणि दोन मुलं असायची, हे मला माहीत होतं. यादी वाचणं वेगळं आणि स्वतःचा पत्ता दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं.

"कपूर," साहेब म्हणाले, "शनिवारी आधी मॅडमचं काम."

कपूरने शनिवारची वेळ डायरीत लिहून घेतली.

शनिवारी फील्ड अकाउंटला कुलूप पडलं. ट्रेनिंग रूमची टर्मिनल मोठ्या मशिनवरून काढून कोपऱ्यात पडलेल्या एका जुन्या छोट्या मशिनला जोडली. त्यावरचं फील्ड अकाउंटही बंद केलं, आणि मुलांच्या सरावाशिवाय त्यावर काही नव्हतं. कपूर नाक मुरडत आला होता, पण वायरी जोडायला शेवटपर्यंत थांबला. सोमवारी मी सही केली आणि पोलिसांचे पगार वेळेवर झाले. मोडेमचं यंत्र सावकाश पुढच्या महिन्यात बसलं. तोवर तिथून मुंगीसुद्धा आत शिरली नाही.

पुढे काही दिवसांनी मी त्या जुन्या मशिनचा लॉग, म्हणजे कोणी केव्हा आत यायचा प्रयत्न केला त्याची नोंद, बघत होते. क्लासच्या वेळेत कोणीतरी फील्ड अकाउंट ठोकून बघितलं होतं, पुन्हा पुन्हा. दार उघडलं नव्हतं. उघडलं असतं तरी त्या मशिनमध्ये घेण्यासारखं काही नव्हतं. मी नोंद साहेबांना दाखवली, त्यांनी ती पोलिसांकडे दिली. हौशी पोरगं होतं की आणखी कोणी, ते मला कोणी सांगितलं नाही.

साहेब एवढंच म्हणाले, "मिसेस जाधव, यापुढे रिपोर्ट कोणाचाही असो, क्रम तुम्ही लावायचा." मला इतका आनंद झाला, की संध्याकाळी मिस्टरांना ओढत सेक्टर सतराच्या बाजारात नेलं आणि दोन दोन आइस्क्रीम खाल्ली.

दुसऱ्या दिवशी जोगिंदर सिंग आले. म्हणाले, "भैणजी, रविवारी मिस्टरांना घेऊन घरी जेवायला या."

"येऊ की. कुठे राहता?" पत्ता मशिनमध्ये होता, पण मी तो कधी उघडून बघितला नव्हता.

त्यांनी मागे वळून दाराकडे बघितलं. मग त्यांनी सेक्टर सांगितला, घर नंबर सांगितला, गल्लीत कुठे वळायचं तेही सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या ऑफिसात तो पत्ता दोघांनाच माहीत होता, हे मला नंतर कळलं.

पुढे पंचवीस वर्षं मी हेच काम केलं. फटींना नंबर द्यायच्या नवनव्या पद्धती आल्या, तक्ते आले, रंग आले. नव्या मुलांना मी एकच सांगायचे. यादीत वर काय आहे ते मागाहून बघा. आधी विचारा, ही फट उघडी राहिली तर घर कोणाचं जाईल.