अबू बुरैस

आखातातल्या अल बर्शा भागातल्या आमच्या घरी मी 'कोड स्पर्शाने पसरत नाही' हे आमच्या संस्थेचं पत्रक तपासत होते, तेवढ्यात ट्यूबलाइटमागे पाल चुकचुकली. आईने सवयीने टेबलावर बोट आपटत "कृष्ण कृष्ण" म्हटलं, आणि मला सहावीतली एक दुपार आठवली.

जेवताना अशीच पाल चुकचुकली होती. मी शाळेतलं अरबी पाजळलं, "हिला अबू बुरैस म्हणतात. बरस म्हणजे कोड, त्यावरून."

"बघा! पालीमुळे कोड होतं, हे अरबांनाही ठाऊक होतं," बाबा म्हणाले. एका खुळ्या समजुतीला दुसरीचा पुरावा! आज पत्रकातून मी अशाच लोकांवर तुटून पडते. आईने आमटीचं पातेलं हळूच मावशीपासून लांब सरकवलं. मावशीच्या मनगटावर नुकतेच पांढरे डाग उमटले होते.

जेवणानंतर मावशी माझ्याजवळ येऊन बसली. "हुशार गं माझी बाय! लिहून दाखव की ते अरबीत," म्हणत तिने पेन दिलं आणि तळहात पुढे केला.

तळहातावर डाग नव्हते. तरी मी "वन मिनिट, मावशी," म्हणाले आणि कागद शोधायला उठले.