कोरा निघालेला बॅकअप

आज दुपारी लातुरात लाईट गेली. शेजारच्या दुकानानं जनरेटर लावला आणि डिझेलच्या वासानं मला औशाच्या रस्त्यावरच्या, असाच जनरेटर लावणाऱ्या जुन्या ऑफिसात नेलं. तेलगिरण्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो आम्ही तिथं. बिलोलीची संध्या माझ्या शेजारी बसायची. "डिलीटनं नोंदी पुसायच्या आधी तीच अट लावून सिलेक्टनं त्या नुसत्या बघ, काय काय जाणार ते कळतं," हे मला तिनंच शिकवलं.

त्या दिवशी मालक तिच्या खुर्चीमागं उभे होते. "लवकर कर, गिऱ्हाईक फोनवर थांबलंय." तिनं सिलेक्ट चालवून बघितलंही. पण डिलीट चालवताना घाईत वरचीच ओळ निवडली गेली, नेमक्या कुठल्या नोंदी पुसायच्या ही अट खालच्या ओळीत राहिली. एका गिरणीच्या साऱ्या नोंदी पुसल्या गेल्या.

"सगळंच गेलं रे," ती हळू म्हणाली. बॅकअपची डिस्क लावली, तर ती कोरी. बॅकअप रोज चालायचा, पण उघडून कुणी कधी पाहिलाच नव्हता.

"उद्यापासून येऊ नको," मालक म्हणाले. ती डबा उचलून निघून गेली.

तेव्हा मला चूक तिचीच वाटली. आता कळतं, हात कुणाचाही चुकतो. सावरायला मागं काहीतरी लागतं, आणि तिच्यामागं काहीच नव्हतं.

मागं बिलोलीला गेलो, तेव्हा ती भावाच्या किराणा दुकानात हातानं बिलं लिहीत होती. शेजारी कॉम्प्युटर झाकलेला.

"चालवत न्हाईस का?" मी विचारलं.

"न्हाई रे. बटणावर बोट ठेवलं की दाबवतच न्हाई," ती म्हणाली आणि खाली मान घालून साखर तोलू लागली.