कळ आणि कल

मंडळी, सकाळपासून घास उतरला न्हाई, म्हणून इथं ग्रुपवर लिहून राहिले. मी निलंग्याकडच्या एका दवाखान्यात नर्स आहे.

आज वीटभट्टीवरची एक बाई आली. बिहारची, दिवस भरलेली. मी कागदावरून मान वर न करता विचारलं, "कळा येतात का?"

ती म्हणाली, "कल नहीं..." पुढचं मी ऐकलंच न्हाई. कळा नाहीत, असं लिहिलं आणि तिला बाकड्यावर बसवलं. ती तोंडात पदर कोंबून बसली. मला वाटलं, लाजली.

दोन तासांनी ती तिथंच कोसळली. बाळ पोटातच गेलं होतं.

नंतर माझा हात धरून ती म्हणाली, "दीदी, मैंने बोला था ना, कल नहीं, आज." मी उद्याचं विचारतेय असं तिला वाटलं होतं.

हिंदी मला चांगली येते. तरी मुद्दाम मराठीत विचारलं. इथं राहायचं तर मराठी शिका, अशी पोस्ट गेल्याच महिन्यात मी ह्याच ग्रुपवर टाकली होती.

ती पोस्ट काढून टाकू का, सांगा. आत्ताच बघितलं, तिच्यावर अजून लाइक येऊन राहिलेत.