विहीणबाईंचा बर्फ

पार्वताबाईंनी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला, आणि दर वेळी त्यांच्या पोटात नव्यानं दुखलं.

अमरावतीच्या पार्वताबाईंचा एकुलता एक अंकुर कॅनडात. सून आचल बाळंत झाली. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून विमानात बसल्या अकोल्याच्या मैनाबाई, आचलची आई. रीत म्हणजे रीत. पार्वताबाईंनी निमूटपणे डिंकाचे लाडू वळले आणि विहिणीच्या बॅगेत घातले. त्यांचा स्वतःचा नंबर जानेवारीत, असं ठरलं होतं.

आणि आता हे! रात्रभर बर्फ पडला, सकाळी घरामागचं मैदान पांढरंशुभ्र, आणि मैनाबाई पायांत स्कीच्या लांबलचक पट्ट्या अडकवून, हातांत दोन काठ्या घेऊन, घसरत चालल्यात. अख्खा जन्म अकोल्याच्या उन्हात घामोळ्यांना पावडर लावण्यात गेला, अन् ही बाई बर्फावर खिदळते! तेही एक वेळ सोसलं असतं. पण तिचा दंड धरला होता अंकुरनं. "गुडघे वाकवा, आई. हं, अस्सं!"

आई? पार्वताबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"जावई सासूले आईच म्हनते," नवरा नत्थुजी म्हणाले. नांदगाव पेठच्या मिलमधून नुकतेच येऊन ते चहा फुंकत बसले होते.

"म्हनू द्या. दंड कायले धराले पायजे?"

दुसऱ्या दिवसापासून पार्वताबाई गच्चीवर जाऊ लागल्या. पायांत नत्थुजींचे मोजे, हातांत जळमटं काढायचे दोन बांबू, आणि गुळगुळीत फरशीवर सर्र सर्र. गुडघे कुरकुरायचे, तर त्या गुडघ्यांनाच दटावायच्या. शेजारची भावना विचारायची, "काकू, काय करून राहिल्या?" "फरशी पुसून राहिली," म्हणायच्या. जळतो मी, हे काय कोनाले सांगाचं असते?

डिसेंबरात अंकुरचा फोन आला. मैनाबाई अजून दोन महिने राहणार होत्या, बर्फात चांगल्या रमल्या होत्या. "तू मे महिन्यात ये, आई. तवा बर्फ नसते. तुह्ये गुडघे असे, घसरून पडशीन."

"बर्फ वितळल्यावर बलावतं? चिखल पाहाले?" पार्वताबाईंचा आवाज चढला अन् मधेच फाटला. "तुले चालाले मी शिकवलं रे! तिचा दंड धरतं, अन् मले उन्हाळ्यात ये म्हनतं. हो, जळतो मी! जळतो!"

नत्थुजींनी कप खाली ठेवला.

"मले वाटलं, तू भेशीन," अंकुर हळूच म्हणाला.

"विहीणबाई किती डाव पडल्या?"

"सात-आठ डाव."

"कोनं उचललं?"

"मीनंच."

"मंग जानेवारीचं तिकीट काढ," डोळे पुसत पार्वताबाई म्हणाल्या. "मी दहा डाव पडतो."