चाकाला कान

"पहले चुप," असं म्हणून सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या मालकीण स्क्रूड्रायव्हरचं टोक चाकाच्या आसाला टेकवायच्या आणि मूठ कानाशी धरायच्या. मग दुकानासमोर कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. एकदा एका गिऱ्हाइकाचा फोन वाजला, तर त्यांनी त्याची सायकल तशीच रस्त्यावर नेऊन उभी केली.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांच्याकडे जातो ते केवळ दुसरा इलाज नसतो म्हणून. लखनौच्या तेलीबागेत इलेक्ट्रिक सायकलची मोटर उघडणारं ते एकच दुकान होतं. नवरा गेल्यावर त्याच ते चालवत होत्या.

माझ्या सायकलच्या मागच्या चाकातली मोटर करकरायला लागली होती आणि पुलाच्या चढावर बंद पडायची. मला नुकतीच एका प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. बाबा सैन्यात, त्यांची अट होती की शेअर टेम्पोत बसायचं नाही, स्वतःच्या वाहनाने जायचं. सायकल रस्त्यात थांबते हे कळल्यावर ते म्हणाले, "पुन्हा बंद पडली तर नोकरी सोड."

दुकानात काय बोलायचं ते मी घरून पाठ करून गेले होते. माझ्या इंग्रजी शाळेत सगळ्या 'मिस' होत्या. मोठ्या स्त्रीला मान द्यायचा तर आई वापरायची तो एकच शब्द मला येत होता. "बाई, मोटर आवाज़ करती है," मी म्हणाले.

दोन गिऱ्हाइकं हसली. मालकिणींनी पक्कड खाली ठेवली. "बाई आपके घर में होंगी. कल आइए."

लखनौमध्ये अपमानही 'आप' म्हणूनच होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'कल'. तिसऱ्या दिवशी मी हिंदीत अडखळले, तर म्हणाल्या, अंग्रेजी में बता दीजिए, मोटर समझ लेगी. चार दिवस मी सायकल ढकलत नेली आणि ढकलत आणली. घरी पंक्चर झालं असं सांगितलं. मला त्यांचा मनापासून राग आला होता.

शेवटी प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीने हसत सांगितलं की इथे बाई म्हणजे कोठ्यावर नाचणारी. आणि या तर चौक मोहल्ल्यात, जुन्या कोठ्यांच्याच वस्तीत वाढलेल्या.

पाचव्या दिवशी मी सगळ्यांसमोर सांगितलं, आमच्यात शिक्षिकेला बाई म्हणतात. "यह लखनऊ है," त्या म्हणाल्या आणि सायकल उलटी केली.

चाक पुढे फिरवलं तेव्हा काहीच आवाज नव्हता. मागे फिरवलं आणि आत दात चावल्यासारखी करकर झाली. "सीधे में गियर सोते हैं. उल्टा घुमाओ, तब बोलते हैं."

पाणी गेलंय का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. मोटर उघडली तेव्हा तपकिरी पाणी ओघळलं. बेअरिंग गंजलं होतं, नायलॉनच्या एका गियरचे दात झिजून सपाट झाले होते. पाइपने कोण धुतं, त्यांनी विचारलं. दर रविवारी बाबा धुवायचे, जीप धुतात तशी.

एका मोडक्या मोटरमधला गियर काढून त्यांनी बसवला, बेअरिंग बदललं. सायकल मात्र मला दिली नाही. "जिसने नहलाया है, उसको भेजिए."

बाबा आले. बाबांसमोर मालकिणींनी वायर आसाच्या खाली वाकवून बांधली, म्हणजे पाणी आत न जाता ठिबकून जाईल. मग म्हणाल्या, "सफ़ाई से मार डाली आपने."

बाबांचा चेहरा लाल झाला. रोजची कटकट नको, मुलगी नोकरीच सोडेल, असं ते हिंदीत म्हणाले. मी मान खाली घातली. मला तेव्हा बाबांना उत्तर देता येत नव्हतं.

"मोटर आपने बिगाड़ी," त्या म्हणाल्या, "तो नौकरी यह क्यों छोड़े?"

बाबांनी सायकल धरली आणि घरापर्यंत स्वतः ढकलत नेली. नोकरी सोडण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

नंतरही त्या माझ्याशी कधी नीट बोलल्या नाहीत. बाबांची बदली नागपूरला झाली तेव्हा मी एकटी लखनौतच राहिले, नोकरीसाठी. हे त्यांना सांगावं म्हणून गेले, तर दुकानाच्या जागी मिठाईवाला बसला होता. त्या कुठे गेल्या ते त्याला माहीत नव्हतं. भेटल्या असत्या तरी "तो हम क्या करें" म्हणून दुसऱ्या कुणाचं चाक फिरवायला वळल्या असत्या.