बंदोबस्ताचं घर

रोह्याजवळच्या त्या गावात कधी चोरी झाल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. पण पोपटरावांना चोरांची भारी धास्ती. न्यायला घरात होतं काय, तर वालाची दोन पोती आणि धाटावच्या कंपनीत लागलेल्या मुलानं आणलेला टीव्ही. तेवढ्यासाठी त्यांनी नव्या सिमेंटच्या घराला पेणहून जाडजूड ग्रील आणलं, पुढच्या दाराला सरकतं लोखंडी गेट लावलं, आणि मागचं दार म्हणजे चोराला आमंत्रण, म्हणून ते ठेवलंच नाही. दुपारी पाठ टेकायची तरी गेटला आतून कुलूप. किल्ली टीव्हीवर.

त्यांना सलायचं ते फक्त मागचं स्वयंपाकघर. जुन्या घराचं तेवढंच उरलेलं, कारवीच्या काठ्या बांधून केलेल्या कुडाचं, शेणानं लिंपलेलं. पण त्यांच्या बायको गिरजाबाई तिथली चूल हलवू देत नव्हत्या.

"ही चूल एक दिवस आपल्याला जाळल गो, लिहून ठेव," पोपटराव म्हणायचे. भाताची झोडणी उरकली की कूड पाडायचा, असं त्यांनी गवंड्याला सांगूनही ठेवलं होतं.

चुलीनं काही जाळलं नाही. जाळलं टीव्हीनं. एका दुपारी जेवून दोघं आडवी झाली होती. वायर तडतडली, दाराचा पडदा पेटला, आणि डोळे उघडेपर्यंत गेटच्या बाजूला नुसता जाळ. पोपटराव खिडकीशी धावले. बाहेरून शेजारी ग्रीलला अक्षरशः लोंबकळले. हललं तर शपथ! पेणच्या कारागिरानं काम चोख केलं होतं. आपल्याच बंदोबस्तात आपण मरणार हे पोपटरावांना कळून चुकलं, आणि साठी गाठलेला तो माणूस "आये गो!" करून रडायला लागला.

"आयेला कशाला हाका मारता, हिकडं या!" गिरजाबाईंनी त्यांना मागं ओढत नेलं, कोयत्यानं कुडाचे बंध सपासप तोडले आणि म्हणाल्या, "हाणा लाथ!"

पोपटरावांनी हाणली. दोघं भेंडीच्या वाफ्यात जाऊन पडली, जिवंत. शेजाऱ्यांनी त्याच भगदाडातून पाणी नेऊन आग विझवली.

विचारपूस करायला लोक आले की पोपटराव आधी खिडकी दाखवायचे. "येवढी आग झाली, पन ग्रील बघा. वाकलं तरी का?"

गिरजाबाईंनी आठवडाभर हे ऐकलं. मग एकदा पाहुण्यांसमोरच त्यांचा संताप उसळला. "तेवढंच ऱ्हायलं असतं बघायला!"

कुडाचं भगदाड विटांनी बुजवायला गवंडी आला, तेव्हा मात्र पोपटरावांनी त्याला वाटेतूनच परत धाडलं. "कारवीच लावनार हाय. बायकोची हौस, काय करनार?"

कूड उभा राहिला. गेटला पुन्हा कुलूप लागलं. आणि पोपटराव दुपारची चटई स्वयंपाकघरात, कुडाला लागून अंथरू लागले.

"हितं जरा गारवा असतो," ते म्हणाले. शेजारी चूल धडधडत होती आणि ते घामानं निथळत होते.

"व्हय, लय गार हाय," गिरजाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी नवऱ्याच्या पायाशी कुडाला टेकलेली लाकडं उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवली.